गल्ल्यामागची श्रद्धा : वऱ्हाड आणि मराठी ख्रिस्ती पुस्तकांची विक्री

ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात खरा माल एकच असतो, बायबल. भिंतीवरची कॅलेंडरे, वचनांच्या पाट्या, गीतांची पुस्तके, शब्बाथ शाळेची रंगीत पुस्तके, पाळकांसाठीचे टीकाग्रंथ हे सगळे त्याच्या आधाराने मांडलेले असते. गंमत अशी की दुकानदाराला सर्वांत कमी सुटते ते याच मालावर. बायबल सोसायटीचे बायबल मुळात अनुदानावर छापलेले असते. कागद, छपाई आणि बांधणीचा सगळा खर्च वसूल व्हावा म्हणून त्याची किंमत ठरवलेली नसते, त्यामुळे विक्रेत्याचे कमिशनही बेताचेच. दुकानाचे भाडे निघते ते कॅलेंडरांवर, भेटकार्डांवर आणि लग्नात द्यायच्या चौकटींवर. ज्या पुस्तकासाठी दुकान उघडले ते पुस्तक दुकान चालवत नाही, ही या धंद्याची जुनी अडचण आहे.

अंजनगाव सुर्जीसारख्या गावात तर असे वेगळे दुकान चालण्याजोगी वस्तीच नसते. छप्पन हजारांच्या आसपास लोकसंख्येचे हे तालुक्याचे गाव पानमळ्यांसाठी, पानपिंपरीसाठी आणि देवनाथ महाराजांच्या मठासाठी ओळखले जाते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या 10,80,073 होती, म्हणजे शंभरात पुरता एकही नाही. त्यांतलाही मोठा भाग मुंबई, वसई, पुणे या पट्ट्यातला. वऱ्हाडातल्या तालुक्यांच्या वाट्याला दुकान येते ते टेबलाच्या रूपाने. रविवारची उपासना सुटल्यावर मंडळीच्या व्हरांड्यात अर्धा तास मांडलेले टेबल, वार्षिक सभांच्या मांडवाच्या तोंडाशी घातलेला स्टॉल, नाहीतर पाळकांच्या घरातले एक कपाट. माल अमरावती, अकोला, नागपूर किंवा थेट मुंबईहून खोक्यांत येतो. विकणारा बहुधा दुसरी नोकरी सांभाळून हे काम करणारा असतो. त्याला पुस्तकविक्रेता म्हणावे की मंडळीचा सेवक, याचा निकाल मंडळीनेही कधी लावलेला नसतो.

धर्मग्रंथ विकणे ही गोष्ट वऱ्हाडाला नवी मात्र नाही. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ आकाराला आले. पण पुढे त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून बाहेरच्यांपासून राखून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडेपर्यंत मराठी गद्याचा हा मोठा ठेवा बहुतेकांना वाचताच येत नव्हता. शेगावला गजानन महाराजांची दासगणूकृत पोथी घेतल्याशिवाय वारकरी परतत नाही. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ घरोघर पोचली. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जो पुस्तकांचा बाजार भरतो, त्याच्या तोडीची ग्रंथविक्री विदर्भात दुसरी नसावी. ज्यांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा, त्या गाडगेबाबांनी मात्र ना पोथी लिहिली ना विकली. ख्रिस्ती पुस्तकाचे टेबल अशा शेजाऱ्यांमध्ये मांडलेले असते. गिऱ्हाइकाला पुस्तकातून श्रद्धा समजावून घेण्याची सवय आहे. फक्त हे पुस्तक त्याच्या घरच्या पुस्तकांतले नाही.

या विक्रीचा आरंभ आणि अंजनगावचे इतिहासातले नाव यांत फार अंतर नाही. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला, तो सुर्जी-अंजनगावचा तह. त्याच महिन्यात देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनीही हार मानली होती. दोनच वर्षांनी, 1805 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण आणि मत्तयकृत शुभवर्तमान छापून निघाले. नवा करार 1811 मध्ये आला. कॅरीच्या हाताशी वैजनाथ पंडित होते, नागपूरकडचे. ‘सिंहासनबत्तिशी’ आणि ‘हितोपदेश’ यांची श्रीरामपूरची मराठी रूपेही त्यांचीच. म्हणजे छापील मराठी बायबलाच्या पहिल्या भाषेवर पुण्याआधी नागपूरकडचा हात फिरला. ती भाषा पुढच्या अनुवादकांना ओबडधोबड वाटली आणि त्यांनी ती बदलली, हे खरे. मुळात हे पुस्तक छापले गेले ते मराठी मुलखाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि ते विकायला माणसेच नव्हती.

विकणारी माणसे मुंबईत तयार झाली. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले. थोड्याच वर्षांत त्यांनी छापखाना घातला. या छापखान्याचा एक परिणाम मिशनऱ्यांच्या मनातही नसेल. गणपत कृष्णाजींनी छापण्याची कला अशाच मिशनच्या छपाईकडे बघून उचलली आणि पुढे आपल्या छापखान्यातून पंचांगे काढली. निर्णयसागरचे जावजी दादाजीही लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला होते. बायबलासाठी पाडलेल्या खिळ्यांच्या कारागिरीतून पुढे देवपूजेच्या पोथ्या छापल्या गेल्या. मुंबईत बायबल सोसायटीची शाखा 1813 मध्ये निघाली. मुंबईची ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी 1827 ची. ‘ज्ञानोदय’ जून 1842 मध्ये अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) सुरू झाले. छापणारी संस्था, गोदाम, यादी, किंमत आणि फिरता विक्रेता अशी सगळी साखळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तयार झाली होती.

वऱ्हाड या साखळीत उशिरा आले. 1853 मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, रेल्वे आली, कापसाचा बाजार वाढला आणि त्यामागून मिशने आली. 1870 च्या दशकात अल्बर्ट नॉर्टन एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, येऊन मेळघाटातल्या कोरकूंमध्ये काम करू लागले. पुढे तिथेच कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन उभे राहिले. अकोल्याला मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे दांपत्य होते. 1890 च्या दशकात ते ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्समध्ये सामील झाले आणि अकोला हे अलायन्सचे वऱ्हाडातले मुख्य ठाणे झाले. जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या हालांवरचे इंग्रजी पुस्तक 1900 मध्ये निघाले, त्याला प्रस्तावना पंडिता रमाबाईंची. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत अकोला, खामगावच्या अनाथालयांत मुले भरली. त्यांना अक्षरओळख झाली ती बहुतांशी मिशनच्या पुस्तकांवर. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती घरांत पुस्तकाला जे महत्त्व आहे, त्याचा उगम त्या उपाशी मुलांच्या शाळेत शोधावा लागतो. प्रवचनातून ते आले नाही.

फिरत्या विक्रेत्याचे काम हिवाळ्यात जोर धरी. पावसाळ्यात काळ्या मातीतल्या वाटा बंद. दिवाळी झाली की तंबू, बैलगाडी आणि पुस्तकांचा गठ्ठा घेऊन दौरे निघत. आठवडी बाजाराच्या दिवशी झाडाखाली सतरंजी पसरायची, एखादे पद म्हणायचे आणि लोक जमले की पुस्तके मांडायची. मोठे बायबल क्वचितच खपे. खपत ती सुटी शुभवर्तमाने. मत्तय, मार्क, लूक, योहान असे एकेक पुस्तक वेगळे, रंगीत कागदाच्या वेष्टनात, दोऱ्याने शिवलेले, खिशात मावेल एवढे, आणि किंमत एखाद-दुसरा पैसा. चारांत मार्क सर्वांत लहान, म्हणून सर्वांत स्वस्त पडणारे. एक शुभवर्तमान वाचून झाले की गिऱ्हाईक पुढच्या दौऱ्यात दुसरे मागेल, हा त्यामागचा हिशेब. बायकांना घरात जाऊन वाचून दाखवायला वेगळ्या बायका नेमलेल्या असत. त्यांच्या झोळीतही हीच पुस्तके.

पैसा घ्यायचाच, हा नियम अनुभवातून आला. सुरुवातीला पत्रके आणि पुस्तिका सढळ हाताने फुकट वाटल्या गेल्या. ती पाने किराणा दुकानात पुड्या बांधायला गेल्याच्या तक्रारी मिशनच्या कागदपत्रांत जागोजागी सापडतात. एक पैसा मोजून घेतलेले पुस्तक माणूस निदान घरी तरी नेतो. पण या नियमाला दुसरीही बाजू होती, आणि ती जास्त महत्त्वाची वाटते. पैसा देणारा गिऱ्हाईक होतो. त्याला घासाघीस करता येते, नको म्हणता येते, पुस्तक घेऊन विकणाऱ्याशी वाद घालता येतो. फुकट घेणाऱ्याला हा अधिकार नसतो. त्या एका पैशाने विकणाऱ्याला प्रचारकाच्या आसनावरून खाली उतरवले.

विक्रेता समोर नसताना पुस्तक काय करते, याचे मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण विदर्भाच्याच रेल्वेतले आहे. नारायण वामन टिळक नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नवा करार दिला. तो गृहस्थ पुन्हा भेटला नाही. टिळकांनी वाचले, शंका काढल्या, मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. दीड-दोन वर्षांच्या या वाचनात दबाव आणणारे, आमिष दाखवणारे कोणी नव्हते. किंमत मात्र जबर होती, आणि ती सर्वांत जास्त मोजली लक्ष्मीबाईंनी. नवरा गेला, पण मेलेला नाही, अशी ती अवस्था. लक्ष्मीबाईंनी पुढे 1900 मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला आणि ‘स्मृतिचित्रे’त सगळे लिहून ठेवले, नवऱ्याचे विक्षिप्तपण, आपले सोवळे, आपला राग, सगळे. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये निघाला. श्रद्धेवरचे इतके विनोदी आणि इतके निष्कपट पुस्तक ख्रिस्ती मराठीत पुन्हा झाले नाही.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीतही आधी पुस्तक हाती आले, माणसे नंतर भेटली. सिल्चरला नवऱ्याच्या घरी त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खे बायबल मराठीत केले. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे आश्रमातल्या मुली-बायकांनी शिकून घेतली. ज्यांना दुष्काळाने आणि वैधव्याने घराबाहेर काढले, त्या बायका खिळ्यांचे खण समोर ठेवून उलट्या अक्षरांत शास्त्र जुळवत होत्या. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये छापून झाले. आजही टेबलावर हे भाषांतर मागणारे गिऱ्हाईक येते. ते बहुधा वयस्क असते आणि नेमके ठाऊक असल्याशिवाय येत नाही.

पण ख्रिस्ती पुस्तकांच्या धंद्यात बसून श्रद्धेचा विचार केलेला माणूस शोधायचा तर बाबा पदमनजींकडे जावे लागते. 1831 मध्ये बेळगावला जन्म, 1854 मध्ये तिथेच बाप्तिस्मा. ‘यमुनापर्यटन’ 1857 चे. पाळकपण सोडल्यावर त्यांनी आयुष्याचा मोठा काळ ट्रॅक्ट सोसायटी आणि बायबल सोसायटीच्या मराठी संपादनात घालवला. मुद्रिते तपासणे, दुसऱ्यांची भाषांतरे दुरुस्त करणे, स्वतः शंभराच्या घरात पुस्तके-पुस्तिका लिहिणे हे त्यांचे रोजचे काम होते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला धर्मबदल एखाद्या चमत्काराच्या क्षणी झाला असे सांगितलेले नाही. वाचन, वाद, लाज, घरच्यांची भीती, पुन्हा वाचन असा तो रखडत झालेला प्रवास आहे. आज सभांच्या मांडवात साक्ष देणारा माणूस तारीख आणि वेळ सांगतो. बाबा पदमनजींचे पुस्तक त्याच्या शेजारी ठेवले तर कोणाचे खरे वाटते, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

आजच्या टेबलावर बायबल एकच नसते. साधी पुठ्ठ्याची प्रत, चेनवाल्या कव्हरची प्रत, कडेला पुस्तकांच्या नावांच्या खाचा पाडलेली प्रत, येशूचे शब्द तांबड्या शाईत छापलेली प्रत, लग्नात द्यायची पांढऱ्या जिल्दीची प्रत. कागद सिगारेटच्या कागदाच्या जवळपास पातळ, कारण हजाराच्या वर पाने एका जिल्दीत बसवायची असतात. मराठीत वेलांट्या, रफार आणि मात्रांमुळे ओळीला वर-खाली जागा लागते, म्हणून ठळक अक्षर घेतले की पुस्तक लगेच विटेएवढे होते. वऱ्हाडात सर्वांत जास्त विचारणा होते ती याच प्रतीची. “मोठ्या अक्षराचं हाये काय?” हा प्रश्न मोतीबिंदू झालेल्या आजीसाठी नातू विचारतो. ती प्रत महाग असते, आणि संपलेलीही तीच असते.

विक्रेत्याला प्रत देण्याआधी एक तपासणी करावी लागते. बायबल मोठमोठ्या फर्म्यांत छापतात. बांधणीत एखादा फर्मा दोनदा लागतो आणि दुसरा राहून जातो. मग कोणाच्या बायबलात रोमकरांस पत्र दोनदा येते आणि करिंथकरांस पहिले पत्र गायब असते. गिऱ्हाइकाला हे वर्षभराने, उपासनेत उतारा काढताना कळते, आणि तो परत येतो. म्हणून विकणारा पाने अंगठ्याखालून सोडत कडेचे पृष्ठांक बघतो. नव्या प्रतीची सोनेरी कडेची पाने एकमेकांना चिकटलेली असतात, ती सुटी करताना फाटतातही. देवाचे वचन तपासायचे ते असे, मालासारखे. सदोष प्रत परत पाठवायची, पण तिचे परतीचे भाडे पुस्तकाच्या किमतीला भारी पडते. ती रद्दीत घालवत नाही आणि विकताही येत नाही. ग्रंथपूजेला प्रोटेस्टंट शिकवणीत थारा नाही, तरी खराब पोथी विसर्जित करायच्या संस्कारात वाढलेल्या मुलखात बायबल भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला हात धजत नाही. बहुतेक टेबलांखाली अशा प्रतींचे एक खोके पडून असते.

या कामात श्रद्धेवर खरा ताण येतो तो मात्र कॅलेंडरांपाशी. डिसेंबरात, कापसाचे पैसे हातात खेळू लागतात तेव्हा, टेबलाचा वर्षाचा बराचसा गल्ला जमतो. कॅलेंडरावर, भिंतीवरच्या पाटीवर, चहाच्या कपावर वचने छापलेली असतात आणि ती पुन्हा पुन्हा तीच असतात. यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातले 11 वे वचन त्यांत हमखास असते. देवाने तुमच्या भल्याचे योजले आहे, अशा आशयाचे. त्याच्या आधीचे, दहावे वचन कपावर कधी येत नाही. त्यात बाबेलात नेलेल्या बंदिवानांना सत्तर वर्षे तिथेच काढावी लागतील असे बजावलेले आहे. म्हणजे ज्यांना उद्देशून ते वचन लिहिले त्यांतल्या बहुतेकांच्या हयातीत सुटका नव्हती. 23 वे स्तोत्र पाटीवर असते. 88 वे, जे अंधारातच संपते आणि ज्यात शेवटीही दिलासा नाही, ते कोणी छापत नाही, कारण कोणी घेणार नाही. शास्त्रातला अर्धाच भाग आपल्या गल्ल्यावर खपतो, हे विकणाऱ्याला मंडळीतल्या कोणाहीपेक्षा आधी दिसते. व्यासपीठावरून काय शिकवले जाते हे पाळक सांगेल. लोक काय धरून जगतात हे बिलबुकात असते.

आणि तरी तेच वचन घेऊन जाणाऱ्याला हसता येत नाही. घरी कॅन्सरचा पेशंट आहे, मुलगा नोकरीविना बसला आहे, कर्जाचा हप्ता थकला आहे अशी माणसे पुस्तक मागत नाहीत, ‘काहीतरी द्या’ म्हणतात. विकणाऱ्याकडे ना दीक्षा असते ना धर्मशास्त्राची पदवी. यवतमाळला 1953 पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. ती 1983 मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे शिकलेला सल्लागारही जवळ उरला नाही. अशा वेळी हमी देणारे पुस्तक पुढे करणे सोपे असते. प्रार्थना करा आणि आजार जाईल, दशांश द्या आणि धन येईल, असे सांगणारी भाषांतरित पुस्तके टेबलावर असतात आणि जोरात खपतात. मूळ अमेरिकन, मराठी घाईतले. जो विक्रेता ती मागे सरकवून स्तोत्रसंहितेची सुटी प्रत पुढे करतो त्याचा धंदा कमी होतो. ही निवड त्याच्या श्रद्धेची कसोटी पाहते, उपासनेतल्या हजेरीपेक्षा जास्त.

पंथांचा प्रश्नही टेबलावरच सुटतो किंवा चिघळतो. कॅथलिक बायबलात 73 पुस्तके, प्रोटेस्टंट बायबलात 66. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी केलेले ‘सुबोध बायबल’ वाचायला सोपे आणि मराठीला सरस. त्यातल्या नव्या कराराला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुन्या वळणाच्या प्रोटेस्टंट मंडळीत मात्र ही प्रत ठेवली की कोणीतरी भुवई उंचावतोच. उलट काही घरांत दोन्ही भाषांतरे शेजारी ठेवून वाचतात.

या सगळ्यात एक कपाट कायम रिकामे दिसते. ‘स्मृतिचित्रे’, टिळकांनी सुरू केलेले आणि लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले ‘ख्रिस्तायन’, बाबा पदमनजी, आणि त्या सर्वांच्या आधीचे, 1616 मध्ये गोव्यात छापलेले फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ ही मराठी ख्रिस्ती श्रद्धेची मोठी पुस्तके ख्रिस्ती टेबलावर अभावानेच सापडतात. ती मिळतात सर्वसाधारण मराठी पुस्तकांच्या दुकानात, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात, महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ शाळेत शिकलेली पिढी त्यांना कवी म्हणून ओळखते, रेव्हरंड म्हणून नाही. मराठी वाचकांनी ही पुस्तके आपली मानली ही आनंदाची गोष्ट. मंडळीने ती सोडून भाषांतरित पुस्तिकांवर भागवले, हे काही चांगले झाले नाही. टिळकांची भजने ‘उपासना संगीत’मधून दर रविवारी गायली जातात, ती रचणाऱ्याने श्रद्धेपर्यंत येताना काय काय सोसले ते वाचायला पुस्तक शेजारी नसते.

विकणाऱ्याला बाहेरचीही जोखीम असते. 1954 मध्ये मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली, तेव्हा अमरावती-अकोला मध्य प्रदेशातच होते. 1956 च्या अहवालात, सरकारच्या मान्यतेशिवाय धर्मप्रचाराचे साहित्य वाटण्यास बंदी असावी, अशीही शिफारस होती. ती अमलात आली नाही. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. पुस्तक विकणे या व्याख्येत सरळ बसते. तरी हल्ली टेबल बहुधा मंडळीच्या आवारातच राहते, आठवडी बाजारात जात नाही. बिल फाडून विकणे, किंमत छापील ठेवणे आणि पुस्तक कोणाच्या हातात न कोंबणे ही जुनी शिस्त आता विक्रेत्याचे संरक्षणही झाली आहे. शंभर वर्षांपूर्वी वादासाठी भर बाजारात बसणारा माणूस आज वाद टाळतो, आणि त्यामुळे बाहेरच्या माणसाने उलट प्रश्न विचारण्याची संधीही गेली.

उरलेले काम फोनने बदलले. मराठी बायबल मोबाइलवर फुकट मिळते, शोधता येते, ऐकताही येते. मोठ्या अक्षराची अडचण तिथे बोटाने सुटते. तरुण मंडळी उपासनेत फोन उघडतात. छापील प्रत बाप्तिस्म्याला, दृढीकरणाला, लग्नाला घेतली जाते. म्हणजे ती आता वाचण्यापेक्षा देण्याची वस्तू होऊ लागली आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, कॅलेंडरावर आणि भेटवस्तूंवर आहे, त्यामुळे ज्या मालावर टेबल तगून आहे त्याच्याच हिशेबाची कटकट. टपालाने मागवणाऱ्या गावांना डिसेंबर 2024 मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झाल्याचा फटका बसला. 1 मे 2025 पासून ‘ज्ञानपोस्ट’ आले. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर, आणि धार्मिक पुस्तकेही त्यात चालतात. अंजनगावसारख्या गावाला याचा उपयोग आहे. एक जाड बायबल किंवा सुट्या शुभवर्तमानांचा छोटा गठ्ठा या दरात पोस्टमनच्या हाती घरपोच येतो. नियतकालिके मात्र या दरात बसत नाहीत.